सरकारदरबारचा कागद

झिरा म्हणजे भूमीतून आपोआप पाझरणारे पाणी. भंडारा आणि गोंदिया ह्या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर असलेल्या नागझिऱ्याच्या रानाच्या नावातच हे पाणी आहे. हे रान १९७० साली अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. तेथील विश्रामगृहांत विजेचा दिवा नाही, ही गोष्ट नागपूर-मुंबईकडील प्रवासी पुष्कळ वर्षे मोठ्या कौतुकाने सांगत असत. अशा ह्या रानात शिरण्याचा परवाना मात्र सांप्रत विजेच्या वेगाने मिळतो. पुण्याचा किंवा दादरचा गृहस्थ आपल्या बैठकीत बसून वनविभागाच्या संकेतस्थळावर पिटेझरीचे अथवा चोरखमाऱ्याचे द्वार निवडतो, दिवस व वेळ ठरवितो, पैसे भरतो, आणि चहाचा पेला निवण्यापूर्वी परवाना त्याच्या हाती पडतो. सरकारी कामकाजाविषयी एरवी नाक मुरडणारी माणसेही ह्या सोयीविषयी समाधान व्यक्त करतात, आणि ते योग्यच आहे.

त्याच द्वाराबाहेर, रानाच्या काठाला, धानाच्या बांध्या कसणारा एखादा शेतकरी असतो. त्याची गाय चरावयास गेली असता वाघाने मारली, तर त्यासही सरकारकडे अर्ज करावा लागतो. ठरलेल्या मुदतीत घटना कळवावी लागते. पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागेवरून हलविता येत नाही. वनरक्षक यावा लागतो, पशुवैद्य यावा लागतो, आणि मग कागदपत्रे कार्यालयाकडे चालू लागतात. वन्यप्राण्यांपासून झालेल्या हानीची भरपाई ही सेवाही आता आंतरजालावरून मागता येणाऱ्या सेवांत गणली जाते. म्हणजे एकाच रानासंबंधी, एकाच सरकारकडे, एकाच पद्धतीने केलेले हे दोन अर्ज आहेत. पहिल्याचे उत्तर चहा निवण्याच्या आत येते. दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहावी लागते. हा भेद यंत्रातील दोषामुळे पडलेला नाही. त्याचे मूळ शोधावयाचे तर सरकारी कागदाचा ह्या प्रदेशातील इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला पाहिजे.

वैनगंगेच्या खोऱ्यात भोसल्यांच्या अमलात गावचा वसूल पाटलाकडून होत असे. तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले, दुसऱ्याच वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले, आणि १८६१ साली मध्यप्रांत अस्तित्वात आला. त्यानंतरच्या जमाबंदीत जुन्या पाटलांपैकी अनेकांस ‘मालगुजार’ ह्या नात्याने गावाची मालकीच मिळाली. मुंबई इलाख्यातील रयतेचा सरकारशी प्रत्यक्ष संबंध येई. भंडाऱ्याकडील कुळाचा तो येई मालगुजाराच्या मार्फत. जमिनीची नोंद ज्या खसऱ्यात असे तो खसरा पटवाऱ्याच्या बस्त्यात असे, आणि बस्त्याची गाठ पटवाऱ्यावाचून कोणी सोडीत नसे. कुळाने आपल्या शेताची नोंद आयुष्यात कधी डोळ्यांनी पाहिली नाही, आणि पाहिली असती तरी वाचता आली नसती, ही त्या काळची सामान्य स्थिती होय.

तथापि त्या जमाबंदीच्या कागदांत एक गोष्ट फार मोलाची होती. गावकऱ्यांनी रानातून जळण, गवत, बांबू, मोहफुले कोणत्या रीतीने घ्यावीत, तळ्याचे पाणी कसे वाटावे, गुरे कोठे चारावीत, ह्या वहिवाटी ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या दस्तऐवजात उतरून ठेविलेल्या असत. पुढे निस्तारपत्रकांतही हे हक्क नोंदले गेले. ज्या माणसांना अक्षर येत नव्हते त्यांनी सांगितलेली गोष्ट सरकारने लिहून घेतली, एवढे तरी श्रेय त्या जमाबंदीस दिले पाहिजे. शंभराहून अधिक वर्षांनी, २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांचा उल्लेख करताना ‘निस्तार’ हाच शब्द विधिमंडळींना वापरावा लागला. कागद जुना झाला तरी त्यातील माहिती खरी असेल तर तो मरत नाही.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. १९५६ साली भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात; आणि १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने आणि १९७१ च्या अधिकार अभिलेखाच्या नियमांनी साऱ्या राज्यास एकच साचा दिला. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची. गाव नमुना बारा म्हणजे तीत पीक कोणते. हे दोन्ही एका कागदावर आले म्हणून तो ‘सातबारा’. पटवाऱ्याचा तलाठी झाला. विदर्भातील लोक मात्र त्यास अद्यापि पटवारीच म्हणतात, आणि ह्यात भाषेचा हट्ट आहे तितकाच अनुभवाचाही आहे. नाव बदलले तरी बस्त्याची गाठ त्याच्याच हाती होती. सातबारा हवा तर तलाठ्यास गाठावे. तलाठ्याकडे चार-सहा गावे. तो आज ह्या गावी तर उद्या तहसिलीत बैठकीला. पेरणीच्या तोंडावर पीककर्जासाठी उतारा काढावयाचा, तर मजुरीचे दोन-तीन दिवस बुडविण्याची तयारी ठेवावी लागे. त्या उताऱ्याची सरकारी फी किती आणि प्रत्यक्षात पडणारी किंमत किती, हा हिशेब ग्रामीण भागातील प्रत्येक कुटुंबास तोंडपाठ असे.

संगणकाचा प्रवेश येथे होतो. पुष्कळांची अशी समजूत आहे की ही सारी गेल्या दहा-पंधरा वर्षांतील करामत होय. वस्तुतः भूमिअभिलेख संगणकात घालण्याचा केंद्र सरकारचा उपक्रम १९८८-८९ साली देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक रीतीने सुरू झाला, आणि त्या आठांत महाराष्ट्रातील जिल्हा होता वर्धा. विदर्भाच्याच मातीत ह्या कामाचा पहिला खुंट ठोकला गेला होता. पण खुंट ठोकणे निराळे आणि शेत मोजून होणे निराळे. नोंदी संगणकात भरावयाच्या तर लक्षावधी पाने हाताने भरावी लागणार, आणि जी चूक मूळ पानात आहे ती यंत्रातही जशीच्या तशी जाणार. वर भरणाऱ्याची चूक निराळीच. शेजारच्या कर्नाटकाने २००० च्या सुमारास ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे दोन कोटी नोंदी संगणकात आणून हाताने लिहिलेला उतारा बंद केला, तेव्हा सर्व देशाचे लक्ष तिकडे गेले. महाराष्ट्रास ही मजल गाठण्यास पुष्कळ अधिक काळ लागला.

मधल्या काळात कायद्याची चौकट उभी राहत होती. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने यंत्रातील नोंदीस व अंकीय स्वाक्षरीस कागद व शाई ह्यांच्या बरोबरीचे स्थान दिले. तहसील कचेऱ्यांच्या आवारात ‘सेतू’ केंद्रे दिसू लागली. २००६ च्या मे महिन्यात राष्ट्रीय ई-शासन योजना मंजूर झाली, आणि सामान्य माणसास त्याच्या वस्तीतच सरकारी सेवा मिळाव्यात असे तिचे उद्दिष्ट ठरले. २०१० च्या सप्टेंबर महिन्याच्या २९ तारखेस नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या आदिवासी वस्तीच्या गावी देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला. २०११ पासून ‘संग्राम’ ह्या नावाने ग्रामपंचायतींत संगणक पोहोचू लागले. त्यांची जागा २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्रां’नी घेतली. ही सर्व नावे क्रमाने सांगितली म्हणजे एक रस्ता सरळ पुढे जात आहे असे भासते. गावातील माणसास मात्र तो रस्ता सरळ वाटला नाही. दर चार-पाच वर्षांनी पाटी बदले, यंत्र तेच राही, आणि कधी यंत्रही बदले व पाटी तीच राही.

ह्या सर्व घडामोडींत खरोखर मूलगामी बदल घडविणारी गोष्ट यंत्र नव्हतीच. ती होती एक कायदा. ब्रिटनमध्ये १९९१ साली जॉन मेजर ह्यांच्या मंत्रिमंडळाने नागरिकांची सनद काढली आणि सरकारी सेवेला मुदत असावी हा विचार रूढ केला. आपल्याकडे त्यास कायद्याचे रूप प्रथम दिले मध्यप्रदेशाने, २०१० साली. गोंदियाची सीमा ज्या राज्यास लागून आहे, आणि १९५६ पर्यंत भंडारा जिल्हा ज्याचा भाग होता, तेच हे राज्य. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा. ह्या अधिनियमान्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत देणे अधिकाऱ्यास बंधनकारक झाले. न मिळाल्यास पहिले अपील, दुसरे अपील, आणि शेवटी आयोगाकडे धाव. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० पासून ५,००० रुपयांपर्यंत शास्ती. आयोगाचे पहिले मुख्य आयुक्त म्हणून राज्याचे माजी मुख्य सचिव स्वाधीन क्षत्रिय ह्यांची नेमणूक झाली. अर्जदाराच्या हाती पावती आली आणि पावतीवर तारीख आली. पूर्वी ‘साहेब, कृपा करा’ अशी अर्जाची भाषा होती. आता ‘मुदत संपली’ असे म्हणण्याची सोय झाली. किती लोक प्रत्यक्षात असे म्हणतात, हा प्रश्न वेगळा. अपील कसे करावे हे ठाऊक नसलेला माणूस मुदत संपल्यावरही पूर्वीप्रमाणे साहेबांच्या दारीच जाऊन उभा राहतो.

२०१७ साल ह्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे, आणि दोन्ही घटना एकमेकींच्या शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत.

त्या वर्षी राज्याने शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर केली, आणि तिचा अर्ज आंतरजालावरूनच भरावा अशी अट घातली. ऐन पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, माणसे सेवा केंद्रांसमोर रांगा लावून बसली. कोठे सर्व्हर चालेना, कोठे वीज गेली, कोठे वृद्ध शेतकऱ्याच्या झिजलेल्या अंगठ्याचा ठसा यंत्र ओळखीना. जन्मभर नांगर धरून ज्याच्या बोटांवरील रेषा पुसल्या गेल्या, त्याच्याकडेच यंत्राने रेषांचा पुरावा मागावा, ह्याहून मोठा उपरोध कोणत्या कवीस सुचला असता असे वाटत नाही. अर्जाची मुदत वाढवावी लागली. लाभार्थ्यांच्या याद्यांत चुका निघाल्या. त्या पुन्हा तपासाव्या लागल्या. ह्या प्रकरणाने ‘ऑनलाइन’ ह्या शब्दाची गावोगाव जी अपकीर्ती झाली ती भरून निघण्यास बराच काळ जावा लागला.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मात्र महसूल खात्याने एक शहाणपणाची गोष्ट केली, आणि तिचा गाजावाजा पाहिजे तितका झाला नाही. संगणकात भरलेला सातबारा हाताने लिहिलेल्या सातबाऱ्याशी जुळतो की नाही हे पाहण्यासाठी ‘चावडी वाचना’ची मोहीम काढण्यात आली. तलाठ्याने गावात यावे, लोकांस जमवावे, आणि यंत्रातून निघालेल्या नोंदी मोठ्याने वाचून दाखवाव्यात. कोणाचे नाव चुकले, कोणाचा वारस राहिला, कोणाचे क्षेत्र कमी-जास्त झाले, हे ज्याचे त्याने तेथेच सांगावे व ती दुरुस्ती व्हावी. पटवाऱ्याच्या बस्त्याची गाठ उभ्या गावासमोर सुटली. ज्याला अक्षर येत नाही अशा म्हातारीसही आपल्या नवऱ्यामागे आपले नाव चढले आहे की नाही हे कानाने समजले, आणि नसेल तर बोलता आले. दीडशे वर्षांपूर्वी वाजिब-उल-अर्ज लिहिताना जे घडले होते, त्याचीच ही दुसरी बाजू होय: तेव्हा लोकांनी सांगितले व सरकारने लिहिले; आता सरकारने वाचले व लोकांनी दुरुस्त केले. ही मोहीम प्रत्येक गावी सारख्याच निष्ठेने पार पडली असे कोणी म्हणणार नाही. परंतु पुढे सातबाऱ्यास जी लोकमान्यता मिळाली तिचा पाया ह्याच चावडीवर घातला गेला.

कारण १ मे १९१८ नव्हे, २०१८ रोजी (शतकाचा हा फरक लिहिणाऱ्याच्या लेखणीस सहज विसरायला लावील इतके हे काम रखडले होते) अंकीय स्वाक्षरीचा सातबारा राज्यात सुरू झाला. राज्यातील सातबाऱ्यांची संख्या सुमारे अडीच कोटी. २०१९ च्या सप्टेंबरापासून हा उतारा कोणासही, कोठूनही, १५ रुपये भरून घेता येऊ लागला, आणि त्यावर तलाठ्याच्या सहीशिक्क्याची गरज उरली नाही. केवळ पाहण्यापुरता हवा असेल तर तो विनामूल्य दिसतो. पुण्यामुंबईत नोकरीस असलेला मुलगा गावाकडील बापाच्या शेताचा उतारा रात्री दहा वाजता काढून धाडू शकतो. सरकारच्या आंतरजालीय सेवांपैकी लोकांनी मनापासून स्वीकारलेली सेवा कोणती असे विचारले, तर बहुतेक शेतकरी ह्याच कागदाकडे बोट दाखवतील.

आता आरंभीच्या दोन अर्जांकडे परत वळता येते. सातबारा, रानाचा प्रवेश-परवाना, वीजबिलाची पावती ह्यांत सरकारला काही ठरवावयाचे नसते. जे आधीच ठरलेले आहे त्याची प्रत द्यावयाची असते. अशा कामात यंत्राशी बरोबरी करणारा कारकून जन्मास यावयाचा आहे. मेलेल्या गाईची भरपाई, वारसाची नोंद, वनहक्काचा दावा, कर्जमाफी ह्यांत मात्र कोणी तरी पाहावे लागते, कोणी तरी मानावे लागते, कोणी तरी स्वतःच्या जबाबदारीवर ‘होय’ म्हणावे लागते. येथे यंत्र अर्ज वाहून नेते एवढेच. पूर्वी अर्ज टपालात पडून राहत असे, आता तो पडद्यावर ‘प्रलंबित’ ह्या शब्दाखाली पडून राहतो. लोकांचे समाधान आणि असमाधान ह्या दोन प्रकारांच्या सीमेवर विभागले गेले आहे. आणि सरकारी अहवालांत दोन्ही प्रकारांचे अर्ज एकाच रकान्यात मोजले जातात, ही मोठी गफलत आहे.

दुसरीही एक विसंगती आहे. गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीप्रमाणे १३ लक्ष २२ हजार होती. बाल्टिक समुद्राच्या काठी एस्टोनिया नावाचा देश आहे. त्याचीही वस्ती तेरा लाखांच्याच आसपास, आणि त्याची निम्मी भूमी रानाने व्यापलेली. १९९१ साली स्वतंत्र झालेल्या ह्या देशाने २००० साली करभरणा आंतरजालावर आणला, २००२ साली नागरिकांस ओळखपत्रे दिली, आणि २००५ साली स्थानिक निवडणुकीत आंतरजालावरून मतेही घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या ई-शासन पाहणीत १९३ देशांत तो दुसरा आला; भारताचा क्रमांक ९७ वा. एवढ्याशा देशाची आपल्या खंडप्राय देशाशी तुलना करू नये हे खरे. परंतु त्यांचा एक नियम ध्यानात घेण्यासारखा आहे. नागरिकाने एकदा सरकारला दिलेली माहिती सरकारच्या दुसऱ्या खात्याने त्याच्याकडे पुन्हा मागू नये. आपल्याकडे धान खरेदी केंद्रावर नाव नोंदवावयाचे तर शेतकरी सरकारच्याच संकेतस्थळावरून सरकारचाच सातबारा काढतो आणि सरकारच्याच योजनेच्या माणसास नेऊन देतो. दोन कचेऱ्यांमधील टपालवाल्याचे काम अद्यापि त्याच्याच पायांनी चालले आहे. पूर्वी तो कागद मिळविण्यासाठी चालत असे, आता पोहोचविण्यासाठी चालतो.

आणि ज्याच्याजवळ यंत्र नाही, किंवा यंत्र आहे पण वाचता येत नाही, त्याचे काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आंतरजाल कधी तरी वापरलेल्या स्त्रिया शंभरांत ३३ आढळल्या, पुरुष ५७. २०२४ साली राज्याने लाडकी बहीण योजना काढली तेव्हा अर्जासाठी भ्रमणध्वनीवरील ‘नारीशक्ती दूत’ ही सोय होती. पण गावोगाव ते अर्ज भरले अंगणवाडी सेविकांनी, आणि हाताने लिहिलेले अर्जही स्वीकारावे लागले. पटवारी, मालगुजार, अर्जनवीस, दलाल हे मधले हात गेले असे म्हणतात. मधला हात गेला नाही. तो केंद्रचालकाचा झाला, सेविकेचा झाला, शाळेत जाणाऱ्या नातवाचा झाला. त्यातील काही हात पूर्वीच्या हातांहून पुष्कळ स्वच्छ आहेत, ही समाधानाची गोष्ट. काही तसेच आहेत.

१५ ऑगस्ट २०२१ पासून सातबाऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागाचे, म्हणजे नमुना बाराचे, काम राज्यभर शेतकऱ्याच्याच हाती देण्यात आले. ई-पीक पाहणी हे त्याचे नाव. ज्या रकान्यात तलाठी कधी शेतावर जाऊन तर कधी न जाताच पीक लिहीत असे, त्या रकान्यासाठी आता शेतकरी स्वतः बांधीत उभा राहून धानाचे छायाचित्र घेतो. रानालगतच्या पुष्कळ गावांत भ्रमणध्वनीची लहर धड पोहोचत नाही. म्हणून तो नोंद यंत्रात साठवून ठेवतो, आणि संध्याकाळी लहर मिळेल अशा उंचवट्यावर, बहुधा एखाद्या जुन्या मालगुजारी तलावाच्या पाळीवर चढून, ती सरकारकडे धाडतो.